अ‍ॅक्टिन तंतूंची वाढ: मोकळ्या टोकांचा हिशेब

अ‍ॅक्टिन हे पेशीच्या सांगाड्याचे तंतू बनवणारे प्रथिन. विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: परीक्षानळीत शुद्ध अ‍ॅक्टिनची संहती ०.१ मायक्रोमोलरच्या थोडी वर गेली की ते तंतूंत जमू लागते. पेशीत मात्र ते शंभर मायक्रोमोलर किंवा अधिक असूनही जवळपास निम्मे सुटेच राहते. हे कसे? आणि कॅपिंग प्रथिन (तंतूचे टोक झाकणारे) किंवा कॉफिलिन (तंतू तोडणारे) ही जर 'वाढ रोखणारी' प्रथिने असतील, तर ती काढून टाकल्यावर पेशीची आघाडी, म्हणजे सरकताना पुढे जाणारी कड, जोमाने पुढे जाण्याऐवजी कोलमडते का?

घोळ वर्गवारीतच आहे. पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यात काही प्रथिने 'वाढवणारी' आणि काही 'थांबवणारी' अशा दोन रांगांत लावलेली असतात. तो तक्ता बाजूला ठेवा. प्रत्येक प्रथिनाला तीन गोष्टी विचारा: ते कोणत्या टोकाशी बसते, एटीपीवाले (हा ऊर्जेचा रेणू अ‍ॅक्टिनमध्ये बसलेला असतो; त्यातला एक फॉस्फेट गेला की उरतो तो एडीपी) अ‍ॅक्टिन धरते की एडीपीवाले, आणि त्या क्षणी वाढायला मोकळी अशी टोके किती शिल्लक आहेत. तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि बहुतेक कोडी तिथेच सुटतात.

आधी नुसत्या अ‍ॅक्टिनचे आकडे पाहू, कारण पुढचे सगळे त्यांच्याशी ताडून बघायचे आहे. अ‍ॅक्टिनचा रेणू ३७५ अमिनो आम्लांचा, सुमारे ४२ किलोडाल्टनचा. तंतूची जाडी साधारण ७ नॅनोमीटर. एक रेणू जोडला गेला की लांबी २.७ नॅनोमीटरने वाढते, म्हणजे एका मायक्रोमीटरमध्ये सुमारे ३७० रेणू. तंतूची दोन टोके सारखी नसतात: 'बार्ब्ड' टोक वेगाने वाढते, 'पॉइंटेड' सावकाश. बार्ब्ड टोकाला एटीपी-अ‍ॅक्टिन दर मायक्रोमोलरमागे सेकंदाला सुमारे ११.६ रेणू या वेगाने जोडले जाते आणि सेकंदाला १.४ रेणू सुटतात. पॉइंटेड टोकाला हेच आकडे १.३ आणि ०.८ आहेत. सुटण्याच्या वेगाला जोडण्याच्या स्थिरांकाने भागले की क्रांतिक संहती (जिच्या वर टोक वाढते आणि जिच्या खाली झिजते ती) मिळते: बार्ब्ड टोकाला सुमारे ०.१२ मायक्रोमोलर, पॉइंटेडला सुमारे ०.६. हा पाचपट फरक लक्षात ठेवा, तो पुढे फार कामाला येतो.

तंतूत शिरल्यावर अ‍ॅक्टिनमधल्या एटीपीचे जलापघटन लवकर होते, सेकंदाला सुमारे ०.३ या दराने. फॉस्फेट मात्र रेंगाळते. ते बाहेर पडण्याचा दर सेकंदाला ०.००३च्या आसपास आहे, म्हणजे निम्मे फॉस्फेट जायला तीन-चार मिनिटे लागतात. त्यामुळे प्रत्येक तंतूवर वयाची खूण असते: बार्ब्ड टोकाजवळ ताजा भाग, मागे एडीपीचा जुना भाग. कोणते प्रथिन कुठे बसायचे हे या खुणेवरून ठरते.

केवळ एवढ्या यंत्रणेवर पेशी चालू शकली असती का? नाही. समतोलात तंतू एका टोकाला वाढतो आणि दुसऱ्या टोकाला झिजतो, पण एडीपी-अ‍ॅक्टिन पॉइंटेड टोकावरून सेकंदाला साधारण पाव रेणू एवढ्याच वेगाने सुटते. त्यातून मिळणारी गती मिनिटाला ०.०४ मायक्रोमीटरच्या आसपास. माशाच्या त्वचेतली केराटोसाइट पेशी मिनिटाला १० मायक्रोमीटरहून जास्त सरकते. ही दोनशे-अडीचशे पटींची तफावत भरून काढणे हे नियंत्रक प्रथिनांचे निम्मे काम, आणि वाढ नको तिथे होऊ न देणे हे उरलेले निम्मे.

सुटे अ‍ॅक्टिन सुटे कसे राहते

येथे दोन प्रथिने मुख्य आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. थायमोसिन बीटा-४ हे ४३ अमिनो आम्लांचे इवलेसे प्रथिन. ते एटीपी-अ‍ॅक्टिनला धरते आणि ते धरून असेपर्यंत तो रेणू कोणत्याच टोकाला जोडला जात नाही. प्रोफिलिन मात्र रेणूच्या बार्ब्ड बाजूला बसते. त्यामुळे प्रोफिलिन-अ‍ॅक्टिन जोडी पॉइंटेड टोकाला जाऊ शकत नाही, नवे तंतू आपोआप सुरू होण्यालाही आळा बसतो, पण बार्ब्ड टोकाला ती जवळपास मोकळ्या अ‍ॅक्टिनच्याच वेगाने जोडली जाते आणि मग प्रोफिलिन गळून पडते. शिवाय ते एडीपीच्या जागी एटीपी बसण्याचा वेग वाढवते. म्हणून प्रोफिलिनला नुसते 'साठवण प्रथिन' म्हणणे मला पटत नाही. ते माल अडवत नाही, तो कोणत्या दाराने जाईल ते ठरवते.

थायमोसिनच्या साठ्याबद्दल एक गोष्ट बरेच जण विसरतात: तो साठा किती मोठा असेल हे एकट्या थायमोसिनवर ठरत नाही. हिशेब करून पाहा. एकूण थायमोसिन ५०० मायक्रोमोलर (रक्तबिंबिकांत ते एवढ्याच्या आसपास असते) आणि त्याचा विघटन स्थिरांक (जितका लहान, तितकी पकड घट्ट) १ मायक्रोमोलर धरा. बार्ब्ड टोके मोकळी असतील तर सुटे, बंधमुक्त अ‍ॅक्टिन ०.१ मायक्रोमोलरवर स्थिरावेल. थायमोसिनला बांधलेले अ‍ॅक्टिन मग ५०० गुणिले ०.१ भागिले १.१, म्हणजे सुमारे ४५ मायक्रोमोलर. आता सगळी बार्ब्ड टोके कॅपिंग प्रथिनाने झाकली गेली असे समजा. मोकळे अ‍ॅक्टिन पॉइंटेड टोकाच्या ०.६वर चढते, आणि बांधलेला साठा ५०० गुणिले ०.६ भागिले १.६, म्हणजे जवळपास १९० मायक्रोमोलर होतो. थायमोसिन तेवढेच, पण साठा चौपट. रक्तबिंबिका उद्दीपित झाल्यावर काही सेकंदांत तंतूंचा एवढा मोठा फुलोरा कसा येतो, याचे उत्तर यात आहे. थायमोसिनला कोणताही 'संदेश' जावा लागत नाही. बार्ब्ड टोके उघडली की साठा आपोआप रिता होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच: पेशीतले अ‍ॅक्टिन सुटे राहते ते थायमोसिन आणि प्रोफिलिनमुळे, पण या दोघांच्या मागे कॅपिंग प्रथिन उभे असते म्हणून.

नवा तंतू सुरू करणे

अ‍ॅक्टिनचे दोन रेणू एकत्र आले तरी ती जोडी क्षणात विस्कटते. तिसरा जोडला गेला तरच काहीतरी टिकते. प्रोफिलिन आणि थायमोसिनने भरलेल्या पेशीरसात हे आपोआप घडणे जवळपास अशक्य, त्यामुळे सुरुवात कुठे व्हावी ही निवड पेशीच्या हातात येते.

सुरुवात करून देणाऱ्यांपैकी पहिले आर्प २/३, हे सात उपघटकांचे, सुमारे २२० किलोडाल्टनचे प्रथिन-संकुल. १९९४ मध्ये ते अकॅन्थअमीबातून, प्रोफिलिन बसवलेल्या स्तंभावर प्रथम सापडले. एकटे ते जवळजवळ निष्क्रिय असते. त्याला जागे करणारी वास्प आणि वेव्ह कुटुंबातली प्रथिने पेशीपटलाजवळ सीडीसी-४२ व रॅक ही संदेशवाहक प्रथिने आणि पीआयपी-२ हा पटलातला मेद यांच्या इशाऱ्यावर उघडतात. त्यांच्या शेपटाचा व्हीसीए भाग एका हाताने अ‍ॅक्टिनचा रेणू आणि दुसऱ्याने आर्प २/३ धरतो. एवढ्यानेही काम होत नाही. संकुलाला आधीच असलेल्या तंतूच्या कुशीत बसावे लागते, आणि तिथून सुमारे ७० अंशांच्या कोनात फांदी फुटते. म्हणून आर्प २/३ची प्रतिक्रिया आपला वेग आपणच वाढवत नेते: जितके तंतू, तितक्या फांद्यांना जागा. परीक्षानळीत सुरुवातीला दिसणारा विलंब आणि मग अचानक चढणारी रेषा यामुळेच. त्यात आधीच बनवलेल्या तंतूंचे थोडे तुकडे टाकले की विलंब कमी होतो. फांद्यांची यंत्रणा खरोखर चालू आहे की नाही याची ती सोपी चाचणी आहे.

फॉर्मिन हे सुरुवात करणाऱ्या प्रथिनांचे दुसरे कुटुंब; त्याची रीत वेगळी. त्याच्या एफएच-२ भागांची जोडी बार्ब्ड टोकाभोवती कडे करून बसते आणि टोक वाढत असताना त्याच्याबरोबर सरकत राहते, हजारो रेणू जोडले जाईपर्यंत. कडे टोकावर असताना कॅपिंग प्रथिनाला सहज शिरकाव मिळत नाही. एफएच-१ हा प्रोलिनने भरलेला लवचीक भाग प्रोफिलिन-अ‍ॅक्टिन पकडून टोकापाशी आणून देतो. एमडीआयए-१ हे सस्तन प्राण्यांतले फॉर्मिन प्रोफिलिनच्या मदतीने मोकळ्या टोकाच्या चार-पाच पट वेग गाठते. उलट फिशन यीस्टमधले सीडीसी-१२ प्रोफिलिन नसेल तर टोक जवळजवळ बंदच करून टाकते. एकाच कुटुंबातली ही दोन टोके, त्यामुळे 'फॉर्मिन वाढ करते' हे विधान कोणते फॉर्मिन आणि किती प्रोफिलिन हे सांगितल्याशिवाय अर्धवट आहे. प्रोफिलिन वाढवत नेले तर वेग आधी चढतो, मग उतरतो, कारण अ‍ॅक्टिनविना फिरणारे रिकामे प्रोफिलिन एफएच-१वरच्या जागा अडवते.

स्पायर, कॉब्ल, लिओमोडिन हे आणखी काही सुरुवात करणारे. त्यांचे काम ठरावीक पेशींत आणि ठरावीक जागी असते.

कॅपिंग प्रथिन वाढ थांबवते, म्हणूनच आघाडी सरकते

कॅपिंग प्रथिन बार्ब्ड टोकाला फार घट्ट बसते; विघटन स्थिरांक सुमारे ०.१ नॅनोमोलर. ते सुटण्याचा दर सेकंदाला ०.०००४च्या आसपास, म्हणजे अर्धायुकाल जवळपास अर्धा तास. पेशीत ते साधारण १ मायक्रोमोलर असते. ते सगळे मोकळे असते तर नवे टोक सेकंदाच्या आतच बंद झाले असते. प्रत्यक्षात व्ही-१ हे छोटे प्रथिन त्यातला बराचसा हिस्सा अडवून ठेवते, आणि पेशीपटलाजवळ कार्मिल हे दुसरे प्रथिन तो सोडवते. कार्मिलला चिकटलेले कॅपिंग प्रथिन टोकाला कमी घट्ट बसते. व्हीएएसपीसारखी प्रथिने तर टोकाशी राहून कॅप बसू न देता वाढ चालू ठेवतात. परिणाम असा की पटलालगतचे तंतू थोडे वाढतात, मग बंद होतात. फार लांबलेले, वाकणारे, ढकलायला निकामी तंतू राहत नाहीत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. कॅपिंग प्रथिन कमी केलेल्या मेलॅनोमा पेशींत लॅमेलिपोडियम (आघाडीचा पसरट पापुद्रा) नाहीसे होऊन फिलोपोडियांचे (बोटांसारख्या बारीक फाट्यांचे) रान माजते. याची कारणे दोन, आणि दोन्ही खरी आहेत. जुनी टोके बंद झाली की मोकळे अ‍ॅक्टिन उरलेल्या थोड्या, पटलालगतच्या टोकांच्या आणि नव्या फांद्यांच्या वाट्याला येते. दुसरे कारण अलीकडचे आणि जास्त रोचक आहे: मोकळी बार्ब्ड टोके वास्प-वेव्ह प्रथिनांचे अ‍ॅक्टिन धरणारे भाग स्वतःकडेच अडकवून ठेवतात. टोकांवर कॅप बसली की ते भाग सुटतात आणि आर्प २/३ला जागे करायला मोकळे होतात. म्हणजे कॅपिंग प्रथिन एकेका तंतूची वाढ थांबवते आणि त्याच कृतीने जाळ्याची वाढ वाढवते.

१९९९ मध्ये लिस्टेरिया जिवाणूची अ‍ॅक्टिनच्या रेट्याने होणारी पेशीतली धाव शुद्ध प्रथिनांतून परीक्षानळीत उभी केली गेली, तेव्हाही हेच दिसले. अ‍ॅक्टिन, आर्प २/३, एडीएफ/कॉफिलिन (एडीएफ हे कॉफिलिनचे भाऊबंद) आणि कॅपिंग प्रथिन एवढी चार पुरेशी होती; प्रोफिलिनने गती सुधारली. कॅपिंग प्रथिन आवश्यक यादीत आहे हे पुन्हा एकदा बघा.

कॉफिलिन: प्रमाणावर सगळे अवलंबून

कॉफिलिन एडीपी-अ‍ॅक्टिन पसंत करते, म्हणून पटलालगतचा ताजा भाग वाचतो आणि मागचा जुना तुटतो. एक रेणू बसला की शेजारी दुसरा बसणे सोपे होते, आणि झाकलेल्या भागात तंतूचा पीळ बदलतो. तुटते ते झाकलेल्या आणि उघड्या भागाच्या सीमेवर. म्हणून थोडे कॉफिलिन म्हणजे अनेक सीमा आणि भरपूर तुकडे. तंतू पूर्ण झाकला गेला की सीमाच उरत नाहीत आणि तो पुन्हा टिकाऊ होतो. 'जास्त कॉफिलिन टाकले तरी तुटत नाही' म्हणून प्रथिन खराब आहे असा निष्कर्ष काढण्याआधी दहापट कमी घालून पाहा.

तुटल्यावर पुढे काय, हे पुन्हा मोकळ्या टोकांचेच गणित आहे. प्रत्येक काप एक नवे बार्ब्ड टोक देतो. सुटे अ‍ॅक्टिन भरपूर आणि कॅपिंग प्रथिन कमी असेल तर त्या टोकांवरून नवी वाढ होते आणि कॉफिलिन 'वाढवणारे' ठरते. कॅपिंग प्रथिन मुबलक असेल तर तुकडे बंद होऊन पॉइंटेड बाजूने झिजतात. एलआयएम कायनेज हे विकर कॉफिलिनच्या सेरीन-३ या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावून ते बंद करते, स्लिंगशॉट हे विकर फॉस्फेट काढून चालू करते. या दोघांचा समतोल बिघडवला की दोन प्रयोगशाळांत दोन उलट निकाल येऊ शकतात आणि दोघेही बरोबर असू शकतात.

झिजण्याचा वेग एकट्या कॉफिलिनचा नाही. सायक्लेज-संबंधित प्रथिन, म्हणजे कॅप-१ किंवा यीस्टमधले एसआरव्ही-२ (कॅपिंग प्रथिनाशी याचा घोटाळा करू नका), कॉफिलिनने झाकलेल्या तंतूच्या पॉइंटेड टोकावरून रेणू सोडण्याचा वेग १०० पटींच्या आसपास वाढवते. सुटलेल्या एडीपी-अ‍ॅक्टिनला कॉफिलिन चिकटलेले असते आणि एडीपी अडकून राहतो. कॅप-१ ती अडचण सोडवून एटीपी बसवते आणि रेणू प्रोफिलिनकडे जातो. मागे सांगितलेली दोनशे पटींची तफावत मुख्यतः येथे भरून निघते.

आर्प २/३ आणि फॉर्मिन एकाच साठ्यातून खातात, ही गोष्टही विसरू नये. फिशन यीस्टमध्ये आर्प २/३ बंद केले की फॉर्मिनच्या केबल (तंतूंच्या जुड्या) भरमसाट वाढतात. प्रोफिलिन वाढले की पारडे फॉर्मिनकडे झुकते. एका यंत्रणेला रोखून दुसरीत झालेली वाढ ही 'थेट सक्रियता' समजली जाते, तेव्हा बहुधा ही स्पर्धाच असते.

मोजताना काय फसते

पायरीन चाचणी (पायरीन हा तंतूत शिरल्यावर जास्त चमकणारा रंग) सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. सिस्टीन-३७४वर पायरीन लावलेले ५ ते १० टक्के अ‍ॅक्टिन, एकूण २ ते ४ मायक्रोमोलर, ३६५ नॅनोमीटरला उद्दीपन आणि ४०७ला मोजणी. वाढलेला प्रकाश तंतूंतील एकूण अ‍ॅक्टिन सांगतो, तंतू किती आणि प्रत्येक किती वेगाने वाढतो हे नाही. फॉर्मिनने चकाकी लवकर वाढवली याचा अर्थ बहुतेक वेळा टोके जास्त झाली एवढाच. शिवाय प्रोफिलिनला पायरीनवाले अ‍ॅक्टिन नीट धरता येत नाही, त्यामुळे फॉर्मिन-प्रोफिलिनचा वेग कमी दिसतो. कॉफिलिन बसले की पायरीनची चकाकी विझते. ती घसरण विघटन समजू नका. १,००,००० जीच्या आसपास अर्धा तास अपकेंद्रित्रात फिरवून तळ आणि वरचा भाग जेलवर ताडून पाहा. तिथेही फार छोटे तुकडे खाली बसत नाहीत हे ध्यानात ठेवा.

अ‍ॅक्टिन जेल फिल्ट्रेशनमधून (आकारानुसार प्रथिने वेगळी करणाऱ्या स्तंभातून) न काढता वापरले तर त्यात जुनी ऑलिगोमर (काही रेणूंचे गठ्ठे) आणि स्नायूतले कॅपिंग प्रथिन राहते; वाढीची सुरुवात लवकर होते आणि बार्ब्ड टोकाची क्रांतिक संहती वर सरकलेली दिसते. स्तंभातून बाहेर पडणाऱ्या शिखराचा मागचा अर्धा भाग घ्यावा. साठवणीच्या बफरमधले कॅल्शियम काढून मॅग्नेशियम बसवायला ०.२ मिलिमोलर ईजीटीए आणि ५० मायक्रोमोलर मॅग्नेशियम क्लोराइड दोन मिनिटे पुरते. ही पायरी चुकली की विलंबाचा काळ दिवसागणिक बदलतो. तपासायच्या प्रथिनाचा बफर तेवढाच घालून एक नियंत्रण हवेच, कारण नुसत्या मिठानेही आर्प २/३ मंदावते. आणि जीएसटी (शुद्धीकरणासाठी जोडतात ते प्रथिन) लावलेले व्हीसीए जोडीने राहते, म्हणून ते सुट्या व्हीसीएपेक्षा कितीतरी जास्त जोरदार भासते.

टीआयआरएफ सूक्ष्मदर्शीत (काचेलगतचा पातळ थरच उजळवणाऱ्या) एकेक तंतू दिसतो, म्हणून वेगाचा खरा निवाडा तिथे. १ मायक्रोमोलर एटीपी-अ‍ॅक्टिनला मोकळे टोक सेकंदाला १० रेणूंनी, म्हणजे मिनिटाला सुमारे १.६ मायक्रोमीटर वाढायला हवे. एवढे मिळाले नाही तर नवीन प्रथिन घालण्याआधी अ‍ॅक्टिन दुरुस्त करा. चमकीचा रंग लायसिनवर लावलेला असावा, सिस्टीन-३७४वर असेल तर प्रोफिलिनचे निकाल बिघडतात. तंतू तुटताना दिसले तर चित्रांमधले अंतर दुप्पट करा: काप वेळेनुसार पडत असतील तर कॉफिलिन, चित्रांच्या संख्येनुसार पडत असतील तर लेसर.

पेशींवर औषधे वापरताना लॅट्रंक्युलिन सुटे अ‍ॅक्टिन अडवते, सायटोकॅलासिन डी बार्ब्ड टोके झाकते. दोन्हींना एकच 'अ‍ॅक्टिनविरोधी' मानू नये. सीके-६६६ आर्प २/३ रोखायला ठीक आहे, सोबत तुलनेसाठी निष्क्रिय सीके-६८९ हवे. फॉर्मिन रोखणारे एसएमआयएफएच-२ मायोसिन या चालक प्रथिनांनाही रोखते, म्हणून केवळ त्यावर फॉर्मिनचा निष्कर्ष बांधू नका. तंतू दाखवायला वापरली जाणारी फॅलॉइडिन आणि जास्त प्रमाणातले लाइफअ‍ॅक्ट दोन्ही कॉफिलिनच्या आड येतात.

आणि फॅलॉइडिनची चकाकी मोजून 'तंतू वाढले' असे लिहिण्यापूर्वी टोके मोजा. सॅपोनिनने पेशी हलकेच सच्छिद्र करून रंगीत अ‍ॅक्टिन ०.४ मायक्रोमोलर, एक मिनिट द्या. ही संहती बार्ब्ड टोकाच्या क्रांतिक संहतीच्या वर आणि पॉइंटेडच्या खाली असल्याने रंग फक्त मोकळ्या बार्ब्ड टोकांना लागतो. उद्दीपनानंतर पहिल्या मिनिटात एकूण तंतू तेवढेच आणि टोके दुप्पट, असा निकाल आला तर कॉफिलिनचे काप किंवा कॅप सुटणे शोधा. एकूण आणि टोके दोन्ही वाढली तर आर्प २/३पासून सुरुवात करा.